चोवीसची डिस्क

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर दारात आला की बघायला येणारा माणूस इंजिनाकडे जात नाही. तो मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहतो, टायरवर दोन थापा मारतो आणि चाक आपल्या कुठपर्यंत येतं ते अंगाशी लावून बघतो. खांद्याला लागलं तर मान डोलावतो. माझ्या धाकट्या भावाने मोसंबीच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर आणला तेव्हा बघायला आलेल्यांच्या मांडीपर्यंतच चाक आलं. "पोराला खेळायला आणला व्हय?" असं एकाने विचारलं. भाऊ हसला, पण त्याला ते लागलं हे मला कळलं. पुढे चाकं बदलायचा विषय निघाला तेव्हा त्यात चिखल किती आणि तो प्रश्न किती, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारून तो सांगणारही नव्हता.

मी जालन्यात शाळेत गणित शिकवते. शेत अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडचं, भारी काळ्या जमिनीचं. थोडी मोसंबी, थोडी कपाशी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहेच, पण जमीन काही मानांकनाने हलकी होत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढी भेग पडते. पावसाळ्यात ती बुटाला, वखराला, टायरला अशी चिकटते की दहा पावलांत पाय दुप्पट जड होतो. वाफसा येईपर्यंत, म्हणजे रान कामाजोगं सुकेपर्यंत, रानात पाऊल टाकू नये हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण बागेवर फवारणी करायची असेल आणि पाऊसच थांबत नसेल, तर वाफशाची वाट बघता बघता फळं खाली येतात.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो इथल्या कुणाला सांगायची गरज नाही. आमच्या बागेत झाडांच्या आळ्यांत पाणी साचलं, मुळं गुदमरली, फळगळ सुरू झाली. पाणी ओसरल्यावर भाऊ फवारणीचा ब्लोअर जोडून आत शिरला आणि तिसऱ्या ओळीत रुतला. चाकं फिरत होती, ट्रॅक्टर जागच्या जागी. खाली वाकून पाहिलं तर दोन्ही चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर ट्रॅक्टरचं पोट टेकलं होतं. एकदा पोट टेकलं की वजन चाकांवर राहतच नाही, मग टायर नवा असो की जुना, पकड येणार कुठून? शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढून काढला. तोही रुतता रुतता वाचला.

त्याच रात्री भावाचा फोन. "आक्का, अठराच्या जागी चोवीसची डिस्क बसवतो. हिशेब करून दे."

आता हा हिशेब काय असतो ते सांगते, कारण टायरवरचे आकडे बहुतेकांना नुसते नंबर वाटतात. त्याच्या ट्रॅक्टरला मागे ८.००-१८ टायर होते. त्यातला आठ म्हणजे टायरची रुंदी, इंचांत. अठरा म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी डिस्कचा व्यास. टायर उभा किती आहे, जे आपल्याला खरं हवं असतं, ते त्यात लिहिलेलंच नसतं. ते मोजावं लागतं किंवा कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतं. आमचा जुना टायर जमिनीपासून माथ्यापर्यंत साधारण ३४ इंच भरला. भावाच्या मनात होता ८.३-२४. रुंदी जवळपास तेवढीच, डिस्क सहा इंचांनी मोठी, आणि उंची तक्त्याप्रमाणे ३९ इंचांच्या आसपास. म्हणजे व्यासात पाच इंचांची वाढ. पण आस चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं पोट उचललं जाणार त्याच्या निम्मं, अडीच इंच. हे सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता होती. त्याने मनातल्या मनात पाच इंच धरले होते.

अमेरिकेत बंगल्यामागचं गवत कापायला जे छोटे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या टायरवर आकडे निराळ्या रीतीने लिहितात. तिकडे १९६१ मध्ये 'कब कॅडेट' आणि १९६३ मध्ये जॉन डिअरचा ११० हे बागेचे ट्रॅक्टर आले, त्या घराण्यातल्या मोठ्या यंत्रांना मागे २३×१०.५०-१२ असा टायर असतो. यात उभी उंची पहिलीच लिहिलेली: २३ इंच उंच, साडेदहा रुंद, डिस्क बाराची. तिकडची हौशी मंडळीही ते काढून २६×१२-१२ चढवतात, म्हणजे उंची तीन इंचांनी जास्त, आस दीड इंच वर. मग पोटाखाली टांगलेलं गवत कापायचं पातंही दीड इंच वर जातं आणि गवत लांब राहतं. आमच्या अंबडच्या चिखलाचा आणि त्यांच्या हिरवळीचा काही संबंध नाही, पण चाकाशी बांधलेलं बाकीचं सगळं कसं हलतं, ते दोन्हीकडे सारखंच.

चाकं बसवायच्या आधी आमच्या चुलत्यांशी, अण्णांशी, या विषयावर वाद झाला. अण्णांनी आयुष्यभर बैलं हाकली. गोठ्याच्या मागे अजून आमच्या आजोबांची गाडी पडून आहे, माणसाच्या छातीला येतील अशा लाकडी चाकांची. गावात सुतार-लोहाराकडे धाव चढवायची तेव्हा गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी पट्टी लाल करायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. पट्टी आकसली की आरे, पाटे, सगळं आवळून घट्ट. अण्णांचं म्हणणं सरळ होतं: "गाडीचं चाक मोठं असलं की बैलाला हलकं जातं. ट्रॅक्टरला कामून जड जाईल?"

गाडीपुरतं अण्णांचं बरोबर आहे. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं, दगडावर सहज चढतं, ओढणाऱ्याला कमी जोर लागतो. पण गाडीचं चाक ओढलं जातं आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक फिरवलं जातं. जोर बाहेरून येत असेल तर मोठं चाक मदत करतं. जोर आसातून येत असेल तर तेच चाक लांब दांड्यासारखं उलटं पडतं. गिअरबॉक्समधून आसाला मिळणारा पीळ ठरलेला असतो. तो पीळ जमिनीपर्यंत पोचेपर्यंत चाकाच्या त्रिज्येने भागला जातो. जुनी त्रिज्या १७ इंच, नवी साडेएकोणीस. भागून बघितलं तर जिथे १०० किलोची ओढ मिळत होती तिथे ८७ मिळणार. आणि त्याच गिअरमध्ये, त्याच रेसवर ट्रॅक्टर साधारण १५ टक्के जास्त पळणार. म्हणजे चाक मोठं केल्याने ताकद वाढत नाही, ताकद देऊन उंची आणि वेग घ्यावा लागतो. गावात ज्याला त्याला उलटं वाटतं, कारण डोळ्यांना दिसते ती उंचीच.

अण्णांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग नको बसवू." भाऊ म्हणाला, "अण्णा, बागेत नांगरट कुठं करायचीय?"

इथे भावाचं बरोबर होतं, आणि मला हा मुद्दा त्याच्याकडून शिकायला मिळाला. ओढ दोन ठिकाणी अडते. एक तर इंजिन कमी पडतं, नाहीतर पकड कमी पडते. एप्रिलमध्ये कडक झालेल्या काळ्या रानात फाळ घातला तर टायर धरून असतो आणि इंजिन घुसमटतं. तिथे १३ टक्के कमी म्हणजे खरोखरच कमी. पण ओल्या रानात इंजिनाला दम लागण्याच्या कितीतरी आधी चाक घसरतं. ८७ काय आणि १०० काय, जमीन ६० च्या वर घेतच नसेल तर उरलेली ताकद नुसता चिखल उडवते. अशा वेळी उंच चाकाचा फायदा निराळ्या कारणाने होतो. व्यास मोठा असला की टायरचा जमिनीला टेकलेला पट्टा लांब होतो, एका वेळी टायरवरचे जास्त रबरी गठ्ठे मातीत रुततात आणि पकड वाढते. त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरला मोठं चाक लावणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, याचं उत्तर ट्रॅक्टरवर नाही, वर्षातून किती दिवस तुम्ही ओल्यात आणि किती दिवस कोरड्यात काम करता यावर आहे.

घसरण किती होते ते मोजायची सोपी रीत आहे, आणि ती प्रत्येकाने एकदा करून बघावी असं मला वाटतं. मागच्या टायरवर खडूने रेघ ओढायची. मोकळा ट्रॅक्टर चालवून चाकाचे दहा फेरे किती अंतरात होतात ते टेपने मोजायचं. मग अवजार जोडून, काम करत, पुन्हा दहा फेऱ्यांचं अंतर. पहिलं ४० मीटर आणि दुसरं ३४ आलं तर ६ मीटर घसरणीत गेले, म्हणजे १५ टक्के. दहा-पंधरा टक्के घसरण शेतात चालते. त्याच्या वर गेली की डिझेल आणि टायर दोन्ही फुकट झिजतात, आणि त्या जागची माती लिंपल्यासारखी घट्ट होते. आमच्या ओल्या बागेत ही घसरण मोजायची गरजच नव्हती, ती नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

टायर घ्यायला आम्ही जालन्यात फिरलो. दुकानदाराने आधी उंच टायर सोडून रुंद टायर घ्या असा आग्रह धरला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. रुतू नये म्हणून रुंद टायर चांगला, वजन जास्त जागेवर पसरतं. पण रुंद टायर कपाशीच्या चार फुटी ओळीत पिकाला घासतो, आणि त्याने पोट उचललं जात नाही. कोळपणीला हवा उंच आणि अरुंद, चिखलाला हवा रुंद. भावाला दोन्ही हवं होतं. असा टायर कोणी बनवत नाही. शेवटी पोट टेकतंय हीच मोठी अडचण धरून उंचावर शिक्का बसला.

दुकानात एक गोष्ट लक्षात आली. रस्त्यावर न चालणाऱ्या वाहनांचे टायर बनवणारी बीकेटी कंपनी, तिचा जुना कारखाना आपल्याच वाळूजला आहे. तिथला बराचसा माल परदेशी जातो, त्यात शेतीचे आणि हिरवळीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांचेही टायर आहेत. अमेरिकेतला एखादा माणूस आपल्या बागेच्या ट्रॅक्टरला मोठी चाकं चढवत असेल तर ती संभाजीनगरहून गेलेली असू शकतात. भावाला यात काही विशेष वाटलं नाही. त्याला डिस्क कुठे मिळणार याची काळजी होती.

डिस्क ही खरी किचकट बाब. टायर पैसे टाकले की मिळतो, पण डिस्क हबला, म्हणजे आसाच्या टोकाच्या बोल्टांच्या तबकडीला, बसली पाहिजे. बोल्ट किती, ते कोणत्या वर्तुळावर, मधलं भोक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसतं का, आणि डिस्कची वाटी किती आत-बाहेर आहे. मागे सहा बोल्ट होते, तिथे सोपं: समोरासमोरच्या दोन बोल्टांचं मध्य ते मध्य अंतर म्हणजेच वर्तुळाचा व्यास. पुढच्या हबला पाच. पाचात समोरासमोर काहीच येत नाही. वर्कशॉपमधल्या वस्तादाने हबला ग्रीस लावून त्यावर पुठ्ठा दाबला आणि ठसा घेतला. मी शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणलं. वस्तादाने पुठ्ठ्यावर कंपास फिरवून काढलेला व्यास आणि माझा व्यास एकच आला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्याडम, हे पोरांना शिकवता का?" नियमित पंचकोनाची बाजू आणि त्याभोवतीच्या वर्तुळाचा व्यास, आमच्या पुस्तकात ते असं कधी येत नाही. पुढच्या वर्षी नववीच्या वर्गात हब घेऊन जायचा माझा विचार आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.

पुढची चाकं बदलायचं आधी ठरलं नव्हतं. पण मागचं अडीच इंच उचललं आणि पुढचं तसंच ठेवलं तर ट्रॅक्टर नाकावर झुकतो. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर पाच फुटांच्याही आत असतं, त्यावर अडीच इंच म्हणजे अडीच अंशांचा उतार. ऐकायला थोडा वाटतो, पण इंजिनातलं ऑइल पुढे सरकतं, कांडी भलतंच माप दाखवते, आणि पुढच्या आसावर वजन वाढून स्टिअरिंग जड होतं. म्हणून ५.२०-१४ काढून पुढे ६.००-१६ घातले. हा टायर मोठ्या ट्रॅक्टरांना पुढे असतो, जुन्या जीपांनाही असायचा, त्यामुळे तालुक्याच्या गावातही मिळतो. पुढेही दोन-अडीच इंचच वाढले आणि ट्रॅक्टर पुन्हा सपाट झाला. मात्र पूर्ण वळवलं की चाक दांड्याला घासायला लागलं, तेव्हा वळणाचा अडसर-बोल्ट थोडा बाहेर घ्यावा लागला. बागेच्या धुऱ्यावर पूर्वी एका दमात वळायचा, आता कधीकधी मागे-पुढे करावं लागतं.

जुन्या टायरांत पाऊण भाग पाणी भरलेलं होतं, वजनासाठी. ते आधी काढावं लागलं. नव्यात पाणी भरायचं नाही असं मीच भावाला सांगितलं. मुरमाड, हलक्या रानात पाण्याचं वजन पकड देतं. आमच्या मातीत तेच वजन खाली घेऊन जातं. हवेचंही तसंच. पंक्चरवाला सवयीने टायर टणक करून देतो, ट्रकसारखा. मागच्या टायरला रानात बारा-चौदा पौंड पुरते. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेएवढा असतो. हवा दुप्पट भरली की मातीवरचा दाबही जवळपास दुप्पट होतो, आणि मोसंबीची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या फूटभर थरातच असतात. डोलणारा टायर बघून पंक्चरवाला म्हणाला, "पंक्चर वाटतोय." वाटू दे.

डिस्क चढवताना दोन बारीकसारीक गोष्टींवर वस्तादाने फार वेळ घालवला आणि मला ते आवडलं. एक म्हणजे गठ्ठ्यांची दिशा. टायरच्या बाजूवर बाण असतो. मागून बघितलं तर गठ्ठे घराच्या छपरासारखे, टोक वर करून दिसले पाहिजेत. उलटे बसले तर चिखल बाहेर ढकलला जाण्याऐवजी मध्ये साचतो. आम्हाला दोन चाकांमधलं अंतर वाढवायला डिस्क उलटी करायची होती. पण डिस्क आहे त्याच बाजूला उलटी लावली की बाणही उलटतो, म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागलं. अंतर वाढवायचं कारण उंची. गुरुत्वमध्य अडीच इंच वर गेला की बांधावर, नाल्याच्या काठावर ट्रॅक्टर कलंडायची भीती वाढते. छोट्या ट्रॅक्टरला लोक हलकं समजतात, पण उलटल्यावर खाली सापडलेल्या माणसाला तो हलका नसतो. दुसरी गोष्ट नट. डिस्कच्या भोकाला उतार असतो, नटाचा निमुळता भाग त्यात बसला पाहिजे, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. पहिल्या दिवशी थोडं काम झालं की पुन्हा पाना लावायचा. नवी डिस्क हबवर बसताना रंगाचा थर दबतो आणि नट सैल पडतात.

मडगार्डचं मात्र कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. टायर आणि मडगार्डमध्ये तीन बोटं जागा राहिली. कोरड्यात पुरते. काळ्या मातीचा थर चढला की टायर मडगार्डला खरवडत फिरतो. पट्ट्या वेल्ड करून ते वर उचललं.

दिवाळीनंतर पुन्हा सरी आल्या तेव्हा पहिली परीक्षा झाली. ट्रॅक्टर ओल्या ओळीतून निघाला. पोट टेकलं नाही. भावाने बांधावरून मला हात केला. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढच्या ओळीपर्यंत ट्रॅक्टरच्या मागे चालत गेले. एक गैरसोय लगेच दिसली: भाऊ अडीच इंच वर बसल्याने मोसंबीच्या खालच्या फांद्या त्याच्या तोंडावर यायला लागल्या. बागेचे ट्रॅक्टर मुद्दामच बुटके बनवतात, ते या फांद्यांसाठी. आम्ही ट्रॅक्टर उंच केला आणि आता झाडं छाटतोय.

मग फवारणी. ब्लोअरचा पंप आणि पंखा पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या दांड्यावर, चालतात; पीटीओचे फेरे इंजिनाच्या रेसवर. चाक बदललं म्हणून त्यात काही फरक पडत नाही. पण ट्रॅक्टर मात्र त्याच रेसवर १५ टक्के जास्त पळतो. आमची झाडं अठरा फुटांवर आहेत. ताशी ३ किलोमीटरने गेलं तर एका झाडाच्या वाट्याला साडेसहा सेकंद येतात. नव्या चाकांनी त्याच गिअरमध्ये पावणेसहा. पंप सेकंदाला तेवढंच औषध टाकतो, म्हणजे प्रत्येक झाडाला १३ टक्के औषध कमी. टाकी जास्त झाडांना पुरली म्हणून भाऊ खूश होता! फवारा सगळीकडे पोचलाय असं दिसतं, कमी पडलेलं औषध डोळ्यांना दिसत नाही, आणि पंधरा दिवसांनी कीड उठली की आपण औषधाच्या दुकानदाराला शिव्या घालतो.

रेस कमी करून भागत नाही, कारण मग पंख्याची हवाही पडते आणि औषध झाडाच्या आतल्या पानांपर्यंत जात नाही. खालचा गिअर फारच सावकाश. दाब वाढवावा म्हटलं, तर नोझलमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. १५ टक्के जास्त पाणी हवं तर दाब ३२ टक्के वाढवायचा, १५ किलोचा जवळपास २० करायचा. मग थेंब बारीक होतात आणि वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर जातात. शेवटी नोझलच्या चकत्या बदलल्या, भोक थोडं मोठं. प्रत्येक नोझलखाली बादली धरून मिनिटभराचं पाणी मोजलं, आणि तो आकडा खडूने टाकीवर लिहून ठेवला. चाकाने सुरू झालेलं काम नोझलच्या चकतीपर्यंत जाईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरचंही तेच. पात्यांचे फेरे तेवढेच आणि पुढे सरकणं जास्त, म्हणून प्रत्येक पातं मातीचा मोठा घास घेतं आणि ढेकळं जाड राहतात. पण बागेत रोटर आम्ही वरवरच फिरवतो, त्यामुळे तो विषय तिथेच सोडला. ब्रेक मात्र सोडण्यासारखा विषय नाही. ब्रेक आसाला धरतो, चाक मोठं झालं की त्याच दाबाला जमिनीवरची पकड तेवढीच, १३ टक्क्यांनी, कमी होते. मोसंबीने भरलेली ट्रॉली घेऊन उताराला लागल्यावर हे आठवायचं नसतं, घरून निघतानाच आठवायचं असतं.

आता असं ठरलंय की अठराची चाकं विकायची नाहीत. उन्हाळ्यात कपाशीच्या रानात कोरडी मशागत असते, तिथे पुन्हा जुनी चढवायची, पावसाळ्यापूर्वी नवी. अण्णा याला ट्रॅक्टरच्या उन्हाळी-पावसाळी चपला म्हणतात. भावाला वर्षातून दोनदा जॅक लावायचा कंटाळा येईल अशी माझी शंका आहे, आणि मग तो चोवीसवरच कोरडं रान ओढत बसेल.

दरम्यान गावातल्या आणखी एकाने आमचं बघून आपल्या छोट्या ट्रॅक्टरला मागे मोठी चाकं चढवली. त्याचा ट्रॅक्टर चारही चाकं ओढणारा आहे. मोंढ्यात माल घेऊन डांबरी रस्त्याने गेला तर पुढचे टायर खुरडल्यासारखे झिजले, गिअरबॉक्समधून कुरकुर यायला लागली, आणि पुढची ओढ सोडवायचा दांडा निघता निघेना. त्याने मला गाठून कारण विचारलं. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे आतल्या दातऱ्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, आणि टायरांची मापं अशी निवडलेली असतात की पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित, एक ते पाच टक्के, पुढे ओढतील. याने मागची १५ टक्के मोठी केली. आता मागची चाकं पुढच्यांना ढकलतात आणि पुढची ब्रेक लागल्यासारखी अडवतात. चिखलात घसरून ते निभतं, डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण दातऱ्यांवर.

"मग पुढची पण मोठी करू?" त्याने विचारलं.

"त्याच प्रमाणात करायची. मागं पंधरा टक्के, तर पुढंही पंधराच. तसा टायर मिळाला पाहिजे, डिस्क मिळाली पाहिजे, आणि वळताना घासायला नको."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर मागची जुनी परत बसवा."

तो जरा वेळ आपल्या ट्रॅक्टरकडे बघत राहिला. "म्याडम, आता इतक्या लोकांनी बगितलाय ना..." असं म्हणाला आणि पुढच्या टायरांचा भाव काढायला निघून गेला.